नवे शेतीतंत्र आणि सार्वजनिक पैसा : साहाय्य कोणास द्यावे ?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण संमत केले व पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. साहजिकच नवी उपकरणे व संगणकीय योजना घेऊन अनेक कल्पक मंडळी शासनाकडे येतील. त्यांपैकी कोणास साहाय्य द्यावे, हा प्रश्न मंत्रालयापुरता मर्यादित नाही. ज्याच्या शेतावर प्रयोग व्हावयाचा, त्या शेतकऱ्यानेही त्याचा विचार केला पाहिजे. अनुदान वाया गेले तर शासनाच्या हिशेबात एक रक्कम खर्ची पडते; हंगाम वाया गेला तर एका कुटुंबाचे वर्ष जाते.

या बाबतीत नाशिक जिल्ह्याच्या गाठी दोन मोलाचे अनुभव आहेत.

लासलगावचा अनुभव

भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगाव येथे ‘कृषक’ हे किरणोत्सर्ग केंद्र उभारले. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची अल्प मात्रा दिल्यास साठवणीतील कांद्यास कोंब फुटत नाहीत, हे शास्त्र निर्विवाद आहे. परंतु कांदा चाळीत तीन प्रकारे जातो : वजनात घट येते, सड लागते आणि कोंब फुटतात. किरणांनी त्यांपैकी तिसरे नुकसान थांबते. सड व घट यांवर निराळे उपाय योजावे लागतात. शिवाय ही मात्रा काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच द्यावी लागते. म्हणजे ऐन कामाच्या गर्दीत माल केंद्रावर नेणे, परत आणणे आणि प्रत्येक चढउतारास दुखापत होऊ न देणे आले. बाजारभाव पाहून थोडा थोडा माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्यास हे गणित सोपे नाही.

पुढे २००७ साली याच केंद्रातून किरणप्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेस रवाना झाला आणि केंद्राचे नाव झाले. कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रास कीर्ती लाभली ती आंब्यामुळे. २०२३ साली केंद्र शासनाने साठ्यातील कांद्यावर हा प्रयोग पुन्हा हाती घेतला, हे योग्यच झाले. यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, शास्त्र खरे असणे ही पहिली पायरी आहे. ते शेतकऱ्याच्या कामाच्या क्रमात व खर्चाच्या मर्यादेत बसते काय, हे पैसा देण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

वाघाडचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या भागात पुरेसे पोहोचत नव्हते. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, त्याची पट्टी वेळेवर भरावयाची आणि वाटप सभासदांनीच करावयाचे, ही त्यांची रीत. कालांतराने प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या व त्यांच्या महासंघाकडे व्यवस्थापन आले. येथे यंत्र मोजमापाचे, म्हणजे अगदी साधे होते. परंतु ते सांभाळणारी माणसे लाभक्षेत्रातीलच होती, म्हणून काम टिकले.

मग शेतकरी आज जे मागतो, त्यालाच पैसा द्यावा काय? तसेही म्हणता येणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती व पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. केवळ मागणी पाहणाऱ्या समितीने त्यांना परत पाठविले असते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मात्र १९१० मध्ये त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान व भांडवलासाठी कर्ज दिले. लक्ष्मणरावांचे बांधकामातील काम औंधास ठाऊक होते. म्हणजे तेथे कल्पनेबरोबर माणसाचीही पारख झाली होती.

परीक्षा कशी घ्यावी

प्रस्तावकाने कोणाचे, कोणत्या महिन्यात, किती नुकसान टळेल हे प्रथम सांगावे. प्रयोग दोन-तीन एकरांच्या धारकाच्या शेतावर पूर्ण हंगाम झालेला असावा, शेजारी नेहमीच्या पद्धतीचा पट्टा तुलनेसाठी राखलेला असावा आणि फसलेल्या ठिकाणांची नोंदही दाखविली जावी. अनुदान संपल्यावर तिसऱ्या वर्षी दुरुस्ती कोण करील, खर्च कोण सोसील, हे लेखी असावे. शेतावरून गोळा होणाऱ्या नोंदींवर शेतकऱ्याचा हक्क राहावा.

द्राक्षबागाईतदारास तर आणखी एक प्रश्न विचारावा लागेल. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि यंत्राने केवड्याचा इशारा दिलाच नाही, तर घड गेल्यावर जबाबदार कोण? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा प्रस्तावक पुढील चौकशीस पात्र समजावा.

माणसाची पारख करताना भाषणाची सफाई वा इंग्रजी अहवालाची जाडी पाहू नये. शेतकऱ्याची तक्रार ऐकून त्याने आपल्या यंत्रात काय बदल केला, हे विचारावे. ज्याने काहीच बदलले नाही, तो एक तर बांधावर गेला नाही, किंवा जाऊनही त्याने ऐकले नाही.

निवडसमितीत अल्पभूधारक शेतकरी व शेती करणाऱ्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांच्या मतास तज्ज्ञांच्या मताइतकेच वजन असावे. रक्कम हप्त्याने द्यावी. पहिला हप्ता लहान, पुढील हप्ता हंगामाचा हिशेब पाहून. नव्या माणसास त्यामुळे संधी मिळेल आणि फसलेला प्रयोग थोडक्यात आवरता येईल. प्रामाणिकपणे नोंदविलेल्या अपयशास मात्र शिक्षा नसावी, अन्यथा खरे अहवाल येणारच नाहीत.

बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरील चित्रास भुलत नाही. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून पाहतो. सार्वजनिक पैसा पेरतानाही तीच दक्षता घेतली पाहिजे, आणि ती घेतली जाते की नाही हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक शेतकऱ्याने बजावला पाहिजे.