रिपोर्ट 'पास', पण कुठल्या पाण्यात?

खाडीकाठी राखेचा भराव घालायचा झाला की 'टीसीएलपी पास' असा कागद पुढे करतात. ही चाचणी कचरा डेपो डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली: एक भाग राख, वीस भाग अ‍ॅसेटिक आम्लाचं पाणी, 18 तास घुसळायचं. युरोपातली ईएन 12457 शुद्ध पाण्यात 24 तास चालते. नळकांडी चाचणीत मात्र राखेतून कित्येक दिवस पाणी झिरपवून वेळोवेळी तपासतात.

आपल्याकडे भरती-ओहोटीचं खारं पाणी. खारेपणामुळे कॅडमियमसारखा धातू जास्त सुटतो. तिसऱ्या, कालवं त्याच चिखलात वाढतात. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: खाऱ्या पाण्यातली नळकांडी चाचणी झाल्याशिवाय भरावाला संमती नको. ग्रामसभेत सगळ्यांनी हेच विचारा.