आयडिया भारी आहे, पण सांगता येते का?

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असेल. २०१७ पासून सुरू असलेली ही सरकारी स्पर्धा. मंत्रालयं, सरकारी विभाग आणि कंपन्या आपल्या अडचणी 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' म्हणून देतात आणि विद्यार्थ्यांनी त्यावर उपाय शोधायचा. टीम सहा जणांची, त्यात किमान एक मुलगी हवीच. सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

रील्समध्ये आपल्याला हेच ३६ तास दिसतात. लॅपटॉप, चहा, जागरण. पण बहुतेक टीम तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्यांचा निकाल त्याआधीच, एका पीपीटीवर लागतो. २०२४ च्या स्पर्धेत या पीपीटीचा जो नमुना दिला होता, त्यात शीर्षक धरून जास्तीत जास्त सहा स्लाइड होत्या. परिच्छेद टाळा, मुद्दे आणि आकृत्या वापरा, समजायला सोपं ठेवा, अशा सूचनाही होत्या. म्हणजे तुमचा कोड कोणी बघायच्या आधी तुमचं सांगणं बघितलं जातं.

यावर "मग ही बोलबच्चन मुलांची स्पर्धा झाली" अशी तक्रार मी खूपदा ऐकतो. मला ती पटत नाही. समजावून सांगणं म्हणजे प्रोजेक्ट झाल्यावर वरून मारायची पॉलिश नाही. तो इंजिनिअरिंगचाच भाग आहे.

ओलावा मोजणारा सेन्सर

दरवर्षी हमखास दिसणारा प्रोजेक्ट घ्या. मुलं मला पीपीटी पाठवतात, त्यात पहिल्याच स्लाइडवर असतं: 'आयओटी आधारित स्मार्ट सिंचन प्रणाली'. पुढे ईएसपी३२, क्लाउड, ॲप, डॅशबोर्ड. सगळं बरोबर, पण हे नेमकं कुणासाठी आहे ते कळत नाही.

आता हेच शेतकऱ्याला सांगून बघा. तो लगेच विचारेल, "लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो माझ्याकडे आहे. तुझं काय वेगळं?" उत्तर द्यायचं तर तुम्हाला म्हणावं लागेल, "काका, ऑटोला फक्त लाइट आलेली कळते. माती ओली आहे की कोरडी ते कळत नाही. माझ्या यंत्राला ते कळतं." बघा, दोन वाक्यांत प्रोजेक्ट उभा राहिला.

पुढचा प्रश्न येईल: "मातीत किती दिवस टिकेल?" स्वस्त सेन्सरच्या दोन उघड्या पट्ट्यांमधून ओल्या मातीत वीज वाहते, त्यामुळे त्या लवकर गंजतात. कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये धातू मातीला थेट लागत नाही, म्हणून तो जास्त टिकतो. म्हणजे समजावून सांगताना तुम्हाला पार्ट बदलावा लागला. डिझाइन सुधारलं ते प्रश्नामुळे.

पुण्यातला एक किलोचा उपग्रह

२२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात २० उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' होता, वजन सुमारे एक किलो. त्यात वापरलेल्या तंत्राचं नाव 'पॅसिव्ह मॅग्नेटिक ॲटिट्यूड स्टॅबिलायझेशन'. नाव वाचूनच घाम फुटतो. पण होकायंत्राची सुई आठवा. ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे आपोआप वळते. उपग्रहात चुंबक बसवलं की तोही तसाच वळतो. दिशा राखायला मोटर नको, वीज नको. एवढ्याशा उपग्रहात वीज किती मोलाची असते, हे लक्षात घेतलं की ही युक्ती का निवडली तेही कळतं.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' उपग्रह गेला. त्या टीमने इतर कॉलेजांतल्या मुलांना उपग्रहाचे सिग्नल पकडणारी ग्राउंड स्टेशन उभारायला शिकवलं. आपलं ज्ञान दुसऱ्याच्या हातात देणं हे त्यांनी मोहिमेचंच काम मानलं.

अडतं कुठे?

मुलांकडे कल्पना नाहीत, असं मला वाटत नाही. आपल्याकडे फायनल इयरला मान असतो तो ब्लॅक बुकच्या जाडीला. व्हायवाला दहा मिनिटं, त्यातही पाठ केलेली व्याख्या. म्हणूनच तयार प्रोजेक्ट विकणाऱ्यांचं दुकान चालतं. 'हेच का केलं, दुसरं का नाही?' हा एक प्रश्न नीट विचारला, तरी विकत घेतलेला प्रोजेक्ट उघडा पडतो.

दुसरा मुद्दा भाषेचा. २०२१ मध्ये एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला वाट करून दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं. यावर 'कंपायलरला मराठीत काय म्हणणार?' अशी थट्टा झाली. अहो, कंपायलरला कंपायलरच म्हणा! शब्द इंग्रजी राहू दे, विचार आपल्या भाषेत होऊ दे. तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी डोक्यात मराठीत विचार करते आणि इंग्रजी स्लाइडवर अडखळते, तेव्हा परीक्षकाला वाटतं तिला विषयच कळलेला नाही. यात नुकसान तिचं होतंच, पण तिच्याकडचा उपाय ज्यांना हवा होता, त्यांचंही होतं.

पेटंटचं गणितही असंच आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार तुमचा शोध काय आहे आणि तो कसा वापरायचा, हे पूर्णपणे लिहून द्यावं लागतं. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. फी कमी झाली, पण लिहिणं तुम्हालाच यायला हवं.

"मग पीपीटी एआयकडून करून घेऊ का?" इंग्रजी नीट करायला खुशाल घ्या. त्याहून चांगलं म्हणजे त्यालाच परीक्षक बनवा आणि दहा अवघड प्रश्न विचारायला लावा. पण सेन्सर मातीत किती दिवस टिकला, हा आकडा एआयकडे नाही. तो मोजणाऱ्याकडेच असतो.

तुमचा प्रोजेक्ट सुरू असेल तर आज एक करा. फोन काढा आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा, मराठीत: अडचण कुणाची, आत्ता ते लोक काय करतात, तुमचं काय वेगळं, आणि ते कुठे फसू शकतं. घरातल्या अशा कुणाला तरी पाठवा ज्याला कोडिंग येत नाही. त्यांचा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवा. उद्याचं काम तिथून सुरू करा.