शहर निवडा, पण रविवार धरून!

एमएससाठी अमेरिकेत जायचं म्हटलं की आपल्या होस्टेलवर चर्चा होते ती रँकिंगची, फीची आणि जॉबची. फार तर थंडीची! पण माझ्यासारख्या वसईकडच्या कॅथलिक मुलामुलींच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, जो कोणी मोठ्याने विचारत नाही. तिथे रविवारी मिस्सेला कुठे जायचं?

घरच्यांचं उत्तर तयार असतं. "शिकागो, पिट्सबर्ग बघ. तिकडे चर्चच चर्च आहेत!" खरं आहे. आयरिश, पोलिश, इटालियन कामगारांनी पै-पै जमवून ती बांधली. पण त्यांची नातवंडं उपनगरांत गेली, कित्येकांनी चर्चला जाणंच सोडलं. शिकागोच्या पिल्सन भागातलं पोलिश लोकांनी बांधलेलं सेंट अॅडलबर्ट चर्च 2019 मध्ये बंद झालं. पिट्सबर्गमध्ये 2018 साली 188 धर्मग्रामांचे 57 गट केले गेले. तेव्हा नुसते मनोरे मोजून शहर ठरवण्यात अर्थ नाही.

मग ह्यूस्टन? तिथे मेक्सिकन, व्हिएतनामी कुटुंबांमुळे चर्च भरलेली असतात. पण शहर इतकं पसरलेलं, की गाडीशिवाय हाल. आणि कर्ज काढून गेलेल्या नव्या विद्यार्थ्याकडे गाडी कुठली?

माझं मत विचाराल तर शहराच्या नावापेक्षा विद्यापीठाजवळ न्यूमन सेंटर आहे का ते आधी बघा. कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी ही केंद्रं असतात. पहिला न्यूमन क्लब 1893 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला. इलिनॉय विद्यापीठाचं अर्बाना-शँपेन घ्या. आजूबाजूला मक्याची शेतं, शिकागोचा झगमगाट नाही. पण कॅम्पसवरच चॅपल आहे, न्यूमनचं स्वतःचं होस्टेलसुद्धा आहे. चालत जा, चालत या!

काहीजण म्हणतील, "आधी करिअर बघ, देव काय सगळीकडे आहे." देव आहेच हो. पण फेब्रुवारीच्या बर्फात तापाने फणफणलात, तर दार वाजवून विचारपूस करणारं माणूस सगळीकडे नसतं. आमच्या वसईत फादर घराघराला ओळखतात. तिकडे आपणहून धर्मग्रामात नाव नोंदवायची पद्धत आहे. नाव नोंदवलं नाही, तर तुम्ही येत नाही हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

म्हणून डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या धर्मगुरूंना एक ईमेल टाका. रविवारी संध्याकाळी मिस्सा असते का? रविवारी बस चालते का? भारतीय विद्यार्थी येतात का? उत्तर किती आपुलकीने येतं, त्यावरूनच पुष्कळ कळेल.

आणि हे फक्त कॅथलिकांसाठी नाही बरं का! तुमच्यासाठी ते महाराष्ट्र मंडळ असेल, गुरुद्वारा असेल किंवा मशीद. रँकिंगमध्ये पाच नंबर खाली गेलं तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी आपल्याला नावाने हाक मारणारं कोणीतरी हवं. दोन वर्षं तिथे फक्त शिकायचं नाहीये, राहायचंही आहे.