थोरल्यांचे तिखट, धाकट्यांचा रस्सा

एकाच पातेल्यातून आजोबांपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सर्वांना जेवू घालायचे असेल, तर तिखटाचा प्रश्न पहिल्याच घासाला उभा राहतो. धार आणि देवास येथील मराठी कुटुंबांत तो अधिक जाणवतो, कारण अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर माळव्यात स्थिरावलेल्या या समाजाच्या ताटात महाराष्ट्राची उसळ आणि रस्सा आहे, माळव्याचे दाल-बाफले आणि भुट्ट्याचा कीस आहे, आणि विंध्याच्या उतारावरून खाली उतरले की मनावर, कुक्षीकडचा निमाड हा मिरचीचा मुलूखही हाकेच्या अंतरावर आहे. या प्रश्नावर बहुतेक घरांत दोनच उपाय योजले जातात : मुलासाठी निराळा वरणभात लावायचा, किंवा तयार रश्श्यात पाणी ओतायचे. पहिल्याने मूल घरच्या चवीपासून दूर राहते आणि दुसऱ्याने रस्सा बिघडतो. म्हणून दोन्ही उपाय टाकून द्यावेत, आणि तिखट पातेल्यात न घालता ताटात वाढावे, हेच योग्य.

याचे कारण मिरचीच्या रचनेत आहे. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो त्याला कॅप्सेसिन म्हणतात आणि ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गरात तयार होते. बियांना ते केवळ लागलेले असते. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज विरघळते, आणि त्यामुळे झणझणीत रश्श्यावर जो तेलाचा लाल तवंग येतो, ज्याला कोठे कट तर कोठे तर्री म्हणतात, त्यातच त्याचा मोठा भाग उतरलेला असतो. पाणी वाढवले की मीठ, आंबटपणा आणि मसाल्याचा वास पातळ होतो, पण तवंग वर तसाच तरंगत राहतो आणि मुलाच्या वाटीत पडलेला एखादा डाव पूर्वीइतकाच पोळतो. तिखट ही जिभेची चवही नव्हे, ती वेदनेची जाणीव आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाचा, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाचा, शोध लावला, तो कॅप्सेसिनने जसा चेतवला जातो तसाच सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही चेतवला जातो (या संशोधनासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले). कढत रस्सा अधिक तिखट लागतो तो यामुळेच, आणि म्हणून मुलाची वाटी कोमट करून देणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय ठरतो.

दुसरा उपाय माळव्याच्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोवळी कणसे किसून, तो कीस तुपात परतून दुधात शिजवायचा, हा भुट्ट्याच्या किसाचा क्रम आहे. त्यात हिरवी मिरची पडूनही तो मुलांना चालतो, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते आणि ते जिभेवरून दूर नेते. तोंड पोळल्यावर पाण्याऐवजी दही किंवा दूध द्यावे, ही घरची रीत याच कारणाने खरी आहे.

आता खुद्द रश्श्याकडे वळावे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1977 मध्ये आपला अधिकृत पदार्थ म्हणून मान्य केलेली ‘चिली’ हा मांस, मिरची आणि जिरे यांचा दाट रस्सा आहे, आणि इतरत्र त्यात राजमा व टोमॅटोही घालतात. राजम्याचा हा प्रकार मराठी घराला परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याची घडण उसळीचीच आहे. चार माणसांसाठी एक वाटी राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात कुकरमध्ये दाणा बोटांत सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. येथे घाई करू नये, कारण कच्च्या राजम्यात पोटाला अपाय करणारे लेक्टिन नावाचे प्रथिन असते, ते खळखळत्या उकळीनेच निकामी होते आणि अर्धवट शिजलेल्या दाण्यात शिल्लक राहते. टोमॅटोच्या आंबटपणाने दाणे लवकर मऊ होत नाहीत, म्हणून तो आधी घालू नये. दोन चमचे तेलात जिरे, बारीक चिरलेले दोन कांदे आणि आले-लसूण तांबूस परतून त्यात तीन टोमॅटो, हळद आणि दोन चमचे धने-जिरेपूड घालावी. रंगासाठी दोन-तीन ब्याडगी मिरच्या देठ काढून, बिया व आतील गर झटकून, गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात आणि ते वाटण यातच घालावे, कारण ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते. मग राजमा, मूठभर मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या बारीक फोडी घालून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे. भोपळा विरघळून रश्श्याला दाटपणा आणि अंगची गोडी देतो, त्यामुळे गूळ घालावा लागत नाही. शेवटी मीठ घालून डावाच्या पाठीने थोडा राजमा ठेचला की रस्सा पोळीशीही जातो आणि भाताशीही. अगदी लहान मुलाला सगळाच राजमा आणि मका ठेचून द्यावा, आणि वर्षाच्या आतील बाळासाठी मीठ घालण्यापूर्वीच भाग वेगळा काढावा.

मोठ्यांच्या तिखटासाठी दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण तळून आच बंद करावी, तेल किंचित निवल्यावर त्यात चमचाभर निमाडी मिरचीची पूड घालावी, कारण फार तापल्या तेलात ती जळून कडवट होते. ही तर्री लहान वाटीत निराळी ठेवावी आणि ज्याने त्याने आपापल्या ताटात घ्यावी. देवासच्या वाचकाला या रीतीसाठी दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा विवाह 1908 मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंह 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर गेले. त्या कोल्हापूरच्या मटणाच्या ताटात आजही जाळ तांबड्या रश्श्याच्या वाटीत असतो आणि पांढरा रस्सा त्याच्या शेजारी वेगळा वाढला जातो. तिखट निराळे ठेवल्याने जेवण उणे पडत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

वेगळ्या वाटीचा लाभ मुलालाही होतो. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात केलेल्या आणि 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील मुले सक्तीने किंवा बक्षिसाने नव्हे, तर मोठी माणसे चवीने मिरची खातात हे पाहून, थोडी थोडी घेत स्वतःहून तिच्याकडे वळतात. पातेलेच तिखट असेल तर मुलापुढे निवड उरत नाही, आणि त्याचे जेवण कायम निराळे असेल तर पाहण्याची संधी उरत नाही. तर्रीची वाटी समोर असेल तर एखाद्या दिवशी ते बोट बुडवून पाहील. त्या वेळी त्याला रोखू नये आणि आग्रहही करू नये, शेजारी दह्याची वाटी तेवढी असावी.

रविवारच्या जेवणासाठी हा रस्सा करायचा असेल, तर राजमा शनिवारी रात्रीच भिजत घालावा.