गीझर, करंट आणि मोटरवाले चाचा

घरातल्या वस्तू पंचांग पाहून बिघडतात, असे माझे मत आता पक्के झाले आहे. मिक्सर बिघडतो तो डोहाळजेवणाच्या सकाळी. पंखा थांबतो तो मे महिन्यात, पाहुण्यांची बोचकी उंबऱ्याच्या आत आली की लगेच. आणि आमच्या गीझरने मान टाकली ती गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला.

विलायतेत म्हणे अख्खे घरच तापवावे लागते. आमच्या भिवंडीत थंडी ही चार दिवसांची पाहुणी. इथे तापवायचे ते फक्त आंघोळीचे पाणी, आणि गार करायचे ते बाकी सारे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून बसलेल्या माणसाला कोमट पाणी देऊन पाहा, म्हणजे त्या एका यंत्राची घरातली पत काय असते ते कळेल! त्यातून आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना गार पाणी चालत नाही.

तेव्हा दुरुस्तीवाला शोधणे आले. हल्ली हे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे असते. चिरंजीवांनी मोबाईलवर गीझरच्या कंपनीचे नाव टाकले आणि सर्वांत वर जो नंबर दिसला तो लावला. पलीकडून इतक्या अदबीने स्वागत झाले की लग्नाचे निमंत्रणही मला इतक्या अदबीने कधी आले नसेल. दोन तासांत पाठीवर पिशवी आणि डोक्यावर टोपी घातलेला एक तरुण हजर. त्याने झाकण उघडले, "कॉइल गेलीय," म्हणाला, दुसरी बसवली, अठ्ठावीसशे रुपये घेतले आणि चहासुद्धा न घेता गेला. पावतीवर कंपनीचे नाव ठसठशीत होते, पत्ता नव्हता. तो नंबर कंपनीचा नव्हताच, हे आम्हांला दिवाळीनंतर कळले.

पाणी मात्र छान तापू लागले. मी निश्चिंत मनाने उत्तरपत्रिका तपासायला बसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "अगं, न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात मला. साखर वाढली असेल का गं?"

मी मान वर न करता सांगितले, "आई, दिवाळी झाली की तपासून घेऊ. तोवर बी-ट्वेल्व्हची गोळी चालू ठेवा."

हे वाक्य मला अजून आठवते आणि अजून टोचते. भाषा शिकवणाऱ्या बाईला समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये, यासारखी नामुष्की नाही. सासूबाईंनी निमूटपणे गोळी घेतली आणि त्या पुन्हा त्याच नळाखाली बसल्या.

धनत्रयोदशीला आमच्या धुण्याभांड्याच्या बाई न्हाणीतून बाहेर आल्या त्या हात झटकत. "ताई, तुमचा नळ चावतो," म्हणाल्या.

त्या बाईंचे वय तीसच्या आत, आणि साखरेचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मी खुर्चीवरून उठले. ह्यांनी टेस्टर आणून नळाला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

त्यानंतरचे पहिले शहाणपणाचे वाक्य सासूबाईंच्याच तोंडून आले. "आधी बटण बंद करा," त्या म्हणाल्या, "आणि मोटरवाल्या चाचांना बोलवा."

भिवंडीबाहेरच्या वाचकांना इथे थोडे सांगायला हवे. आमचे गाव यंत्रमागांचे. जुन्या पद्धतीच्या मागाला एक लहानशी मोटर असते, आणि विजेचा दाब कमीजास्त झाला की ती जळते. पूर्वी आमच्याकडे विजेचे जे हाल होते ते विचारू नका. 2007 च्या जानेवारीत इथले वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून देण्यात आले, आणि देशातला तो तसला पहिलाच प्रयोग मानतात. त्याआधीच्या काळात मोटरी इतक्या जळत की जळलेली मोटर पुन्हा बांधून देणाऱ्यांची दुकाने मागांच्या वस्त्यांतून उभी राहिली. 'बांधणे' हे क्रियापद पाहा. आपण घर बांधतो, पागोटे बांधतो. भिवंडीत मोटरही बांधतात, आणि ती खरोखर बांधावीच लागते. जळकी तार काढायची, तिचे वेढे मोजायचे, तिची जाडी मापायची, खाचांत नवा कागद घालायचा, तितक्याच वेढ्यांची नवी तांब्याची तार भरायची, वेढ्यांची टोके सुताने आवळून बांधायची, आणि मग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची. एक वेढा चुकला तरी मोटर गरम होते आणि पुन्हा जळते. मागाच्या गावात मोटरसुद्धा शेवटी सुतावरच उभी असते, ही गंमत मला फार उशिरा कळली.

आमचे सासरे एका कारखान्यात तीस वर्षे मेहता होते. हिशेब सांभाळता सांभाळता जळलेल्या मोटरी हातगाडीवर घालून चाचांकडे पोचवणे हेही त्यांच्याच गळ्यात पडले होते. 1984 च्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर या आळीतला माणूस त्या गल्लीत पंखा घेऊन जाईनासा झाला, असे सासूबाई सांगतात. सासरे मात्र महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जाऊ लागले; कारण तशी बांधलेली मोटर दुसरीकडे मिळत नव्हती.

हे शांतीनगरच्या बाजूला जाऊन चाचांना रिक्षातून घेऊन आले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंग, बोटांना वार्निशचा वास. दारातच उभे राहून म्हणाले, "भाभी, गीझर माझं काम नाही. पण करंट माझं काम आहे."

त्यांनी गीझरकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी त्यांनी भिंतीवरचे तीन भोकांचे सॉकेट उघडले. वरच्या मोठ्या भोकामागे तार नव्हतीच. आमची इमारत जुनी, आणि कोणे एके काळी ज्याने वायरिंग केले त्याने तिसरी तार वाचवली होती. मग गीझरचे झाकण उघडले. आतली अर्थिंगची तार त्या टोपीवाल्या तरुणाने कॉइल बदलताना सोडवली होती आणि परत जोडलीच नव्हती. नवी कॉइल हलकी, तिच्यातून वीज पाण्यात उतरत होती. पत्र्यातून आणि पाण्यातून येणाऱ्या त्या विजेला जमिनीत जायला वाट नाही. मग ती वाट शोधते ती ओल्या फरशीवर अनवाणी बसलेल्या माणसातून. सासूबाई लाकडी पाटावर बसून आंघोळ करतात. ती जुनी सवय नसती तर मी आज हा मजकूर लिहायला बसले असते की नाही, देव जाणे.

तीन पिनांच्या प्लगात एक पिन जाड आणि लांब का असते, हे मला चाचांनी त्या दिवशी शिकवले. ती जमिनीची. लांब असल्यामुळे ती सर्वांआधी जोडली जाते आणि सर्वांनंतर सुटते. म्हणजे वीज यायच्या आधी तिची परतीची वाट तयार असते. मी मराठीची एम.ए. दर्जेदार वाक्यात क्रियापदाआधी कर्म का येते ते सांगू शकते. आणि ही पिन मात्र पंचवीस वर्षे रोज बोटांत धरत होते.

"जोडून द्या ना चाचा, परवा पहिली आंघोळ आहे," मी म्हटले.

"नाही," चाचा म्हणाले. "अर्थिंग नवी ओढल्याशिवाय नाही. चूल आहे ना घरात? पाणी चुलीवर तापवा."

नाही म्हणणारा दुरुस्तीवाला त्यापूर्वी मी पाहिला नव्हता. टोपीवाल्याला सारे काही लगेच येत होते. याला लगेच काहीच येत नव्हते. त्या दिवसापासून माझी माणूस पारखायची रीत बदलली आहे. वस्तू उघडण्यापूर्वी किंमत सांगतो त्याला मी चहा विचारत नाही. बदललेला जुना भाग मागितल्यावर जो कुरकुरतो त्याला पुन्हा बोलावत नाही. कंपनीचा माणूस हवा असेल तर नंबर वस्तूच्या पाठीवरच्या पट्टीवरून किंवा हमीपत्रावरूनच घेते. मोबाईलवर सर्वांत वर कोण दिसते त्याला महत्त्व देत नाही. फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. आम्ही तक्रार नोंदवली. अठ्ठावीसशे रुपये काही परत आले नाहीत.

नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजल्यापासून गॅसवर पातेली चढली. सासूबाईंना आमचा तांब्याचा बंब आठवला. कासार आळीतून घेतलेला, लग्नातला. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही तो मोडीत दिला होता. गॅलरीत धूर होतो म्हणून. बंबाला गळती लागली तर तांबट डाग लावून देई, आणि बंबाने कधी कोणाला झटका दिल्याचे ऐकिवात नाही. तरी तो परत यावा असे मला वाटत नाही. त्या धुरात पहाटे उठून बसणारी बाई आठवली की गीझरबद्दलचा राग निवळतो.

धंद्याची खोड म्हणून मी त्या सुटीत शब्दकोश उघडला. गीझर हा शब्द आइसलंडमधल्या एका उसळत्या उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून आला. म्हणजे गरम पाण्याचे नाव आपण थेट उत्तर ध्रुवाजवळून आणले. आणि आमच्याच तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला उन्हाळी पाण्याची कुंडे वाहताहेत! दुसरा शब्द 'एअर कंडिशनिंग'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणण्यासाठी विलिस कॅरियरने 1902 मध्ये यंत्र आखले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याला नाव दिले ते 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने, आणि तो काम करत होता सूतगिरण्यांसाठी. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून तिला ओलावा द्यायचा, हा त्याचा उद्योग. मी मोठ्या हौसेने हे चाचांना सांगायला गेले. ते म्हणाले, "हो, उन्हाळ्यात धागा तुटतो. माग थांबतो. यात नवीन काय?"

गारव्याचेही एक-दोन अनुभव सांगते. नागपूरच्या नणंदेने प्रेमाने कूलर पाठवला होता. नागपूरच्या कोरड्या उन्हात पाणी झपाझप वाफ होते आणि हवा गार होते. आमच्याकडे खाडी जवळ, हवा आधीच घामट. तिथे पाणी वाफ होईल कशाला? आठ दिवसांत मिठाची बरणी पाणावली, पापड लवले, आणि घाम होता तिथेच राहिला. तो कूलर दुरुस्त करण्यासाठी मी तीन माणसे बोलावली. तिघांनीही पैसे घेतले. त्यात बिघाड काहीच नव्हता. बिघाड असलाच तर तो आमच्या हवेत होता, असे चौथ्याने फुकट सांगितले.

पुढे वातानुकूलन यंत्र घेतले. यंदा मे महिन्यात ते गार करेना. एकाने येऊन सांगितले, "गॅस संपला." पूर्वीची मी असते तर पैसे काढून दिले असते. पण आता मी चाचांच्या तालमीतली. त्यांच्या नातवाला बोलावले. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स करून आलेला. तो हसला. म्हणाला, "मॅडम, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? तो आत बंद नळीत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक असणार. भोक न शोधता भरला तर पुढच्या महिन्यात परत भरा." त्याने सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा कुठे आला नाही. मग बाहेरच्या पेटीची जाळी उघडली, तर तिच्यावर कापसाची गोधडीच चढली होती. भिवंडीच्या हवेत मागांवरचा कापूस उडत असतो. तो आमच्या छातीत जातो तसा यंत्रातही जातो. पाण्याने जाळी धुतली आणि खोली गार झाली. पाचशे रुपये.

नातू आता मोटर बांधत नाही. मोटर बांधायला दिवस जातो, आणि एका दिवसात चार वातानुकूलन यंत्रे धुऊन होतात, असा त्याचा हिशेब. तो चूक आहे असे मला म्हणवत नाही. गल्लीतले कितीतरी माग बंद पडले, काही भंगारात गेले. चाचांच्या दुकानात आता पंख्यांच्या आणि वॉशिंग मशीनच्या मोटरी जास्त दिसतात. मी विचारले, तुमच्यामागे वेढे कोण मोजणार? त्यांनी उत्तर दिले नाही. ते मोजत होते, आणि मध्ये बोलले की आकडा चुकतो.

आमच्या घरी भाऊबीजेनंतर नवी अर्थिंग ओढली, मीटरजवळ तीस मिलिअँपियरचे सुरक्षा-बटण बसवले. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की ते स्वतःच पडते. तरीही सासूबाई आंघोळीला जाताना पाट घेतात आणि आतून ओरडतात, "बटण बंद केलंस का गं?" मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवते, जाऊन पाहते आणि मगच हो म्हणते.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून सासूबाईंनी पेन्सिलीने नंबर लिहून ठेवले आहेत: दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर. त्यांच्या वर, सर्वांत मोठ्या अक्षरात, मोटरवाले चाचा. खाली बारीक अक्षरात टीप आहे : दुपारी दीड ते अडीच दुकान बंद.