वर फेंकलेला चेंडू व खोडलेलें उत्तर

सरळ वर फेंकलेल्या वस्तूच्या गतीचीं उदाहरणें आलीं, कीं आमचे पुष्कळ विद्यार्थी प्रवासाचे दोन तुकडे करितात : चढतांना एक सूत्र, उतरतांना दुसरें. शिखरावर चेंडू क्षणभर थांबतो, तेव्हां तेथें गुरुत्वाकर्षणहि थांबत असावें, असें कित्येकांस वाटतें. तसें झालें असतें तर चेंडू तेथेंच लटकत राहिला असता! शून्य होतो तो वेग, त्वरण नव्हे. हवेचा विरोध सोडून दिला, तर तें सर्व वेळ तेवढेंच व खालच्याच दिशेचें असतें. वरची दिशा धन, एवढें एकदां ठरविलें म्हणजे सारा प्रवास एकाच समीकरणांत मावतो.

कल्याणपुढें उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या पट्ट्यांत आतां उंच इमारती पुष्कळ झाल्या आहेत. बदलापुरांतील एकीची गच्ची २५ मीटर उंच आहे असें समजूं. तेथून चेंडू सेकंदास २० मीटर वेगानें वर फेंकला (हा प्रयोग वहींतच करावा, खालून माणसें जात असतात), तर तो जमिनीवर केव्हां येईल? गुरुत्वत्वरण सोयीसाठीं १० व काळ क्ष सेकंद धरिला, तर

२०क्ष − ५क्ष² = −२५,

म्हणजेच क्ष² − ४क्ष − ५ = ०. उत्तरें दोन : ५ आणि −१.

आमचा आक्षेप येथें आहे. विद्यार्थी −१ वर काट मारतो, शिक्षक बरोबरची खूण करितात, आणि पालक गुण पाहून समाधान पावतात. पण तें उत्तर निरर्थक नाहीं. एक सेकंद अगोदर कोणीं जमिनीवरूनच चेंडू ३० मीटर वेगानें फेंकला असता, तर सेकंदाभरांत २५ मीटर चढून तो नेमक्या २० च्याच वेगानें गच्चीजवळून गेला असता. आणि पांचव्या सेकंदास जमिनीवर आदळतांनाहि वेग ३० च भरतो! न पाहतां खोडणाऱ्यास ही जुळणी कशी दिसावी?

ऋणाचा संकोच जुनाच आहे. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचणाऱ्या भास्कराचार्यांनीं, जड वस्तूंस पृथ्वी आपल्याकडे ओढते, असें गोलाध्यायांत सांगितलें. त्यांच्याच बीजगणितांत वानरांच्या कळपाचें एक उदाहरण आहे. उत्तरें ५० आणि ५ येतात. ५ घेतल्यास मधली एक संख्या ऋण होते व तें लोकांस पटत नाहीं, म्हणून ते तें टाकतात. टाकतात, पण कारण सांगून. आमच्या विद्यार्थ्यांनींहि कारणाची एक ओळ लिहून मग खोडावें, आणि त्या ओळीस गुण असावा. वानरें ऋण असूं शकत नाहींत हें खरें. काळ मात्र आपण घड्याळ सुरू करण्यापूर्वींहि चालूच होता.