भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

मुंबईच्या रस्त्यांवर पुतळे, कारंजी, शिल्पे पुष्कळ. पण ती उभारताना रहिवाशांना कोणी विचारल्याचे क्वचितच ऐकिवात येते. न विचारताही लोक कौल देतात, ही गोष्ट निराळी. काळ्या घोड्याचेच पाहा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये तेथे बसला आणि १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत गेला. त्यानंतर ५२ वर्षे मुंबईकर त्या रिकाम्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तेथे पुन्हा घोडा आला, तो स्वाराविना. राजाची आठवण कोणालाच झाली नाही!

२०२२-२३ मध्ये महापालिकेने सुशोभीकरण काढले. भिंती रंगल्या, झाडांच्या खोडांनाही दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता. मग गाऱ्हाणे तरी कोणाकडे न्यायचे?

वास्तविक हे काम आपल्याला नवे नाही. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून, लालबागच्या बाजारात १९३४ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मूर्ती कशी, देखावा कोणता, खर्च किती, हे गल्लोगल्लीची मंडळे बैठकीत ठरवतात. भांडणे होतात, रुसवेफुगवे होतात, आणि थोडकी वर्गणी देणाराही हिशेब मागतो.

बँकेत आम्ही कर्ज मंजूर करण्याआधी जागा पाहून येत असू. वॉर्ड ऑफिसनेही तेवढे करावे. आराखडा आणि खर्चाचा आकडा महिनाभर वाचनालयात व बाजारात लावावा, शेजारी नोंदवही ठेवावी. एखाद्या रविवारी चित्रकाराला चाळीच्या पटांगणात बोलवावे. कोणती सूचना घेतली, कोणती का नाकारली आणि पुढे देखभाल कोण करणार, हे त्याच फलकावर लिहावे. दहा जणांचे ऐकून काढलेले चित्र बेचव होते, ही कलावंतांची भीती खरी आहे. म्हणून विषय आणि जागा रहिवाशांनी सांगावी. रंगरेषांत कोणी लुडबुड करू नये.

गिरणगावात तर याची घाई आहे. १९८२ च्या संपात उतरलेले कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. त्यांच्या कुंपणभिंतीवर साचेखाते काढायचे की खानावळवाली बाई, हे सांगणारी माणसे अजून चाळींतून राहतात. रंगाचे डबे उघडण्याआधी त्यांची दारे ठोठवावीत.